चार ओळींचं उत्तर

खांबेटे सरांचं शेवटच्या तासाचं गणित दोन फळे भरून सुटलं आणि निवडक हुशार मुलांच्या त्या प्रज्ञावर्गानं टाळ्या वाजवल्या. ही रीत सरांनी तरुणपणी स्वतः शोधलेली. एकतीस वर्षं ते ती तेवढ्याच कौतुकानं मांडत आले होते. आज निवृत्ती. गळ्यात मुलांनी घातलेला झेंडूचा हार.

फक्त कल्याणी वही मिटून, मान खाली घालून बसली होती.

"काय गं, साधी टाळीसुद्धा नाही?"

"सर, माझं हेच चार ओळींत सुटलंय. पण आजच्या दिवशी कसं दाखवू? तुमचं लाडकं गणित ना ते!"

सरांनी वहीवरून दोनदा नजर फिरवली. उत्तर तेच, वाट मात्र अनोळखी. मग ते खदखदून हसले, आपला हार काढून तिच्या गळ्यात घातला आणि चक्क वाकून नमस्कार केला.

"अहो सर, असं काय करता! मी लहान आहे."

"कीर्तनाला येत नाहीस, म्हणून घाबरतेस. नारदाच्या गादीवर दहा वर्षांचा बुवा उभा राहिला, तरी त्याचे गुरुजीसुद्धा पाया पडतात. नमस्कार गादीला असतो, बाळ. चला, घ्या खडू!"

लाजत लाजत ती फळ्याशी गेली. सर तिच्या जागेवर, पोरांत दाटीवाटीनं बसले. तिसऱ्या ओळीला त्यांनी हात वर केला.

"बुवा, जरा सावकाश. ही पायरी मला कळली नाही."