दादाची भेट

“मॅडम, या स्कोअरवर फ्लॅटसाठी कर्ज मिळणार नाही. तुमच्या स्कूटरच्या कर्जाचे हप्ते थकलेत,” म्हणत बँकेतल्या साहेबांनी स्क्रीन तिच्याकडे वळवली.

“कसलं कर्ज? स्कूटर तर माझ्या दादाने भाऊबीजेला ओवाळणीत दिली!” ती ठसक्यात म्हणाली. आणि बोलता-बोलताच तिला शोरूम आठवलं. ‘गाडी तुझ्याच नावावर हवी, कर सह्या. पैशांचं मी बघतो,’ असं म्हणत त्याने कागद पुढे केले होते. ओवाळणीचे कागद कुठली बहीण वाचत बसते?

तिने तिथूनच फोन लावला. दादा जराही गडबडला नाही.

“अगं, गाडी तूच फिरवतेस ना?”

बाहेर स्कूटर उन्हात उभी होती. तिनेच हौसेने रंगवून घेतलेली ‘दादाची भेट’ ही अक्षरं ती किल्लीने खरवडू लागली.