पहिल्या भागातली आई

“दार ओढून घे जाताना! रोज मीच उठून लावायचं का?”

डबिंग स्टुडिओच्या काचेपलीकडून दिग्दर्शकाने हात हलवला. पुन्हा घ्यायचं. रेकॉर्डिस्टने चित्र मागे नेलं. पडद्यावरचा विद्यार्थी उलटा चालत दारातून घरात आला, पाठीवरचं दप्तर खुर्चीवर गेलं आणि स्वारी परत पांघरुणात शिरली. माइकसमोर उभ्या असलेल्या ताई ते बघत राहिल्या. हेडफोन कानावर नीट बसवायचंही त्यांना सुचलं नाही.

काम म्हटलं तर चिमूटभर होतं. परदेशातून आलेली अ‍ॅनिमे मालिका, म्हणजे जपानी कार्टून, मुलांची भलतीच लाडकी. नायक म्हणजे परीक्षेत गटांगळ्या खाणारा एक साधा विद्यार्थी. एका सकाळी हा कॉलेजला निघतो, चौकात लख्ख उजेड पडतो आणि हा थेट दुसऱ्या जगात. तिथे त्याला जादूची तलवार मिळते, बोलणारं मांजर मिळतं, एक तापट राजकन्या गळ्यात पडते. ज्याला घरी स्वतःचं अंथरूण उचलता येत नव्हतं, तो तिकडे राज्य चालवायला लागतो. दिग्दर्शकाने हे सगळं रंगवून सांगितलं तेव्हा ताई मनापासून हसल्या होत्या. मग त्यांनी विचारलं होतं, की त्याच्या आईला हे कधी कळतं का.

“आईचं काम पहिल्या भागातच संपतं, ताई,” तो म्हणाला होता. “पुढे तिला कुणी विचारतसुद्धा नाही.”

आणि आता त्याच आईच्या दोन वाक्यांवर घोडं अडलं होतं. एरवी ताईंनी राण्या, चेटकिणी, सातवीतल्या खोडकर मुली, सगळ्यांना आवाज दिले होते आणि चहा गार व्हायच्या आत काम उरकून मोकळ्या झाल्या होत्या. पण स्वतःचा मुलगा अपघातात गेल्यानंतर त्या या खोलीत आल्याच नव्हत्या. कॉलेजला म्हणून मोटरसायकलवर निघालेला तो पोरगा परत आला नव्हता. दिग्दर्शकाने फोन केला खरा, पण काम आईचं आहे हे सांगताना त्याचीच जीभ अडखळली. ताई म्हणाल्या, करते. घरी बसून बसून भिंती अंगावर येत होत्या. आज हे जमलं नाही तर आपण पुन्हा माइकसमोर उभं राहायचं नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं करून टाकलं होतं.

दिग्दर्शक काचेमागून उठून आत आला. शेजारच्या माइकपाशी नायकाला आवाज देणारा तरुण उभा होता. या प्रसंगात त्याला फक्त जांभई द्यायची होती, आणि ती त्याची केव्हाच देऊन झाली होती.

“ताई, आवाज सुंदर लागतोय,” दिग्दर्शक म्हणाला. “पण तुम्ही त्याला निरोप देताय. तो परत येणार नाही हे तुम्हाला माहीत आहे. तिला कुठे माहीत आहे? ती नुसती वैतागलीय.”

ताईंनी मान हलवली. त्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि तेच तर बोचत होतं.

“वैतागता येतं मला,” त्या म्हणाल्या. “त्या दिवशी सकाळी मी बुटांवरून बोलले त्याला. कसेही फेकले होते दारात. शेजारी ऐकू जाईल असं बोलले. तो एक शब्द न बोलता पाठ फिरवून गेला.”

तरुण हातातल्या कागदात डोकं घालून उभा राहिला, कागदावर त्याच्यासाठी काही नसताना. दिग्दर्शक हळूच म्हणाला, की हे राहू द्या, दुसऱ्या कुणाकडून करून घेतो, तुम्हाला पुढच्या भागातली राणी देतो. ताई नको म्हणाल्या. पाण्याचा एक घोट घेतला आणि चित्र लावायला सांगितलं.

या खेपेला त्यांनी आवाज सांभाळला नाही. घशाची खरखर तशीच येऊ दिली. दार ओढून घे जाताना, रोज मीच उठून लावायचं का. वाक्य तेच, पण आता ते बोलणाऱ्या बाईला शंभर कामं होती, गॅसवर काहीतरी उतू जात होतं. तिच्या बोलण्यात माया औषधालाही नव्हती. संध्याकाळी पोरगा घरी येणारच, याची मात्र तिला पुरेपूर खात्री होती.

पुन्हा काचेमागे गेलेल्या दिग्दर्शकाचा जीव भांड्यात पडला. त्याने अंगठा वर केला. पडद्यावर विद्यार्थ्याने दप्तर खांद्यावर टाकलं आणि तो दाराकडे निघाला. तेवढ्यात तरुण माइककडे झुकला आणि झोपाळलेल्या, कंटाळलेल्या आवाजात म्हणाला, “ओढून घेतो गं, आई. येतो.”

पडद्यावर दार लागलं. ताईंचा हात हेडफोनवर तसाच दाबून राहिला.

“हे कुठे लिहिलंय?” दिग्दर्शकाचा आवाज स्पीकरमधून आला. “मूळ मालिकेत तो काहीच बोलत नाही.”

“पाठमोरा आहे तो, सर. ओठ दिसत नाहीत.” तरुणाने कागदाची उगाच घडी घातली आणि ताईंकडे न बघता म्हणाला, “बोलला असेल की.”