खरं लाकूड

नव्या फ्लॅटच्या हॉलला खऱ्या लाकडाची जमीन करायची, पण पृथ्वीला न दुखवता, असं मी ठरवलं होतं. जिथे झाड तोडलं की त्या जागी नवी झाडं लावतात, तिथलंच लाकूड हवं, म्हणून दुकानदारांना इतके प्रश्न विचारले की गंगापूर रोडवरचा एक जण मला लांबून पाहिलं की चहाला निघून जायचा. शेवटी मनासारखं लाकूड मिळालं, बसलं, आणि लिफ्टमध्ये भेटेल त्याला मी त्याबद्दल ऐकवू लागलो.

पुढच्याच आठवड्यात खुर्ची सरकवताना एक ओरखडा पडला. मला जेवण गेलं नाही. संध्याकाळी मेनरोडला जाऊन, जेवणाच्या टेबलावर घालतात तसलं जाड पारदर्शक प्लास्टिक आणलं आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अंथरलं.

"अहो, पर्यावरणाचं काय झालं?" बायकोनं विचारलं.

"त्याच्यासाठीच तर चाललंय. हे लाकूड टिकलं तर पुढचं झाड वाचेल ना!"



रविवारी पिंपळगावहून सोमनाथमामा घर बघायला आले. सोफा सोडून खालीच बसले आणि जमिनीवरून सावकाश हात फिरवत राहिले. एवढ्या आपुलकीनं आजवर कुणीच पाहिलं नव्हतं. मला भरून आलं. मी सांगायला सुरुवात करणार, तेवढ्यात मामाच बोलले.

 

"महेश, हे प्लास्टिक लय भारी हाय रे! डिट्टो लाकूडच वाटतंय."