जेवणाआधी की नंतर

मोशीच्या अलीकडे बस जी अडकली ती अडकलीच. पुढे कंटेनर, मागे कंटेनर. पहिली पाळी करून निघालेल्या बायकांनी कंपनीचे जड बूट काढून पाय समोरच्या सीटखाली पसरले होते. सोजराबाईंनी फर्मान सोडलं, "आम्रपाली, काढ गं मोबाइल. आज त्याचं काय ते होऊन जाऊ दे."

'त्याचं' म्हणजे अधिराजचं. मोबाइलवर रोज एक भाग येणारी प्रेमकथा, आणि ती वाचून दाखवायची आम्रपालीनंच, असा बसचा कायदा. पावसाळ्याचे तीन महिने ती विहारात ग्रंथ वाचायची. आवाज खणखणीत. काना इकडचा तिकडे व्हायचा नाही.

ती वाचू लागली. कथेतली मृण्मयी सव्विसाव्या भागातही खिडकीत बसलेली होती. तिला नैराश्य होतं. केस मोकळे, गालावर एकच थेंब, अंगावर पांढरी साडी.

आणि तीही इस्त्रीची, आम्रपालीच्या मनात आलं. तिच्या स्वतःच्या वेळी अकरा दिवस डोक्याला फणी लागली नव्हती. दूध उतू जाताना ती समोर उभी राहून बघत होती, आणि गॅस बंद करायला हात उचलत नव्हता. त्याला आता पाच वर्षं झाली. गोळी अजून चालू होती. पण असलं लिहिलं तर वाचणार कोण?

शेजारी, खिडकीशी, हर्षाली बसली होती. मोशीचीच पोरगी, तेवीस वर्षांची, पुढच्या महिन्यात लग्न. दोन महिन्यांपूर्वी दवाखान्यात, मनाच्या डॉक्टरांच्या रांगेत दोघी एकमेकींना सापडल्या. दोघींच्या तोंडाला स्कार्फ. ओळख पटली ती बुटांवरून.

आज कॅन्टीनमध्ये तिनं डबा उघडलाच नव्हता. "मावशी, चार दिवस झालं, गोळ्या घेतल्या न्हाईत मी," ती म्हणाली होती. "आई म्हणती, लगीन झालं की जातंय सगळं. आन् लग्नानंतर त्यांनी गोळ्या बघितल्या तर?"

"डॉक्टरांना विचारलंस?"

"न्हाई." मग डब्यावर बोट फिरवत, "आजचा भाग वाचा तुमी. मग कळंल."

आम्रपालीनं भाग अजून बघितला नव्हता. ती बसच्या बरोबरच वाचायची, पुढचं आधी जाणून घेणं तिला चोरी वाटायचं.

तर अधिराज मृण्मयीला घेऊन तळ्याकाठी आला. मृण्मयीच्या पर्समधून गोळ्यांचं पाकीट बाहेर पडलं. त्यानं ते उचललं. ग्रंथ वाचून वाचून आम्रपालीचे डोळे तोंडाच्या एक ओळ पुढे चालायचे, आणि पुढची ओळ तिला दिसली. त्यानं ते पाकीट तळ्यात भिरकावलं. 'आजपासून तुझं औषध मी!'

ती थांबली.

"वाचा ना मावशी!" मागून मिनल ओरडली. "जीव घेता का आता?"

"त्यानं... ते पाकीट उलटंपालटं करून बघितलं," आम्रपाली म्हणाली. डोळे मोबाइलवरच होते, पण तिथे असलं काही नव्हतं. "मग त्यानं विचारलं, मृण्मयी, या जेवणाआधी घ्यायच्या की नंतर?"



"हात्तिच्या!" सोजराबाईंनी कपाळावर हात मारला. "ह्यो हिरो हाय का कंपाउंडर?"

सगळ्या फिदीफिदी हसल्या. ड्रायव्हरसुद्धा.

"ती काय म्हणाली मग?" मिनलनं विचारलं.

"ती म्हणाली, नंतर. पण मला भूकच लागत नाही." आम्रपालीनं उगाच मोबाइलवर बोट सरकवलं. "मग अधिराज खाली बसला. म्हणाला, दोन घास खा. मी बसतो इथे. मला घाई नाही."

"आणि मिठी?"

"मिठी नाही."

"शी! आठ दिवस वाट बघायला लावली ती ह्याच्यासाठी? त्या लेखिकेला झालंय तरी काय?"

"दमली असेल," आम्रपाली म्हणाली, आणि मोबाइल मांडीवर पालथा ठेवला.

विहारात एकदा तिच्याकडून एक ओळ सुटली होती, तर पान मागे उलटून तिनं ती सगळ्यांसमोर परत वाचली होती. आज तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. हर्षाली तेवढी हसली नव्हती. ती बाहेरच्या कंटेनरकडे बघत होती, जणू त्यावर काही लिहिलंय.

अखेर बस हलली. मोशीचा स्टॉप आला. हर्षालीनं बूट चढवले, बॅग खांद्याला अडकवली आणि आम्रपालीच्या गुडघ्यांवरून पलीकडे जाता जाता वाकली.

"मावशी, मी सकाळीच वाचला हा भाग."

आम्रपालीनं मान वर केली नाही. "मग?"

"त्यात मिठी हाय."

"असू दे."

हर्षाली उतरली. बस दहा पावलं गेली आणि पुन्हा अडकली. आम्रपाली सरकून खिडकीशी बसली आणि तिनं मागे वळून बघितलं.

पोरगी घराच्या गल्लीकडे वळली नव्हती. स्टॉपच्या कट्ट्यावर बसून तिनं बॅगेतून डबा काढला. झाकण घट्ट बसलं होतं. गुडघ्यांत धरून तिनं ते दोन्ही हातांनी ओढलं. सकाळची भाकरी, एव्हाना वाळून कडक झाली असणार. शेजारून ट्रक जात होते, धूळ उडत होती. पदर नव्हता म्हणून तिनं स्कार्फ डब्यावर धरला, आणि पहिला घास कितीतरी वेळ चावत राहिली.