निवळीची बी

मडक्याला आतून निवळीची बी घासून नंदिनीच्या सासूनं नाल्याचं पाणी भरलं होतं. एरवी तासाभरात गाळ तळाशी बसायचा. आज सकाळ झाली तरी पाणी राखाडीच. "बी जुनी झाली असंन व," म्हणत तिनं आपल्या माहेरून आणलेली बियांची पुरचुंडी उकिरड्यावर फेकली. नाल्याच्या वरच्या अंगाला असलेल्या कोळसा धुण्याच्या कारखान्यात कोळशाचा कण किती बारीक ते मोजायचं काम नंदिनीचंच. नवं यंत्र आल्यापासून कोळसा पिठासारखा बारीक निघत होता. कण जितका बारीक, तितकी गाळ बसवायची टाकी मोठी लागते. पण "मागचाच आकडा लिही," साहेब म्हणाले आणि तिनं न मोजताच लिहिला. टाकी जुनीच राहिली आणि न बसलेला गाळ नाल्यात उतरत राहिला. ड्युटीची वेळ झाली. सासूनं पाणी पदरातून गाळून तिच्या बाटलीत भरलं. "वरचं वरचंच घेतलं, पोरी. आत्ताच तुह्या लेकराले भी तेच पाजलं."