जोसायाच्या रक्ताची

"मोठ्यानं वाच," हेस्टर सारसन भाचीला म्हणाली. "मेलेल्याला कसली लाज."

हेल्सब्रिजच्या जुन्या दस्तांच्या खोलीत तिघं बसली होती. हेस्टर, तिची भाची ग्वेन आणि टॅपनेल धर्मादाय घरांचे विश्वस्त थर्ल्बी. या घरांचा संस्थापक जोसाया टॅपनेल तीनशे वर्षांपूर्वी चरबीच्या मेणबत्त्या विकून गब्बर झालेला. त्याच्या अंगाला असा वास येई की गावातल्या मांजरी त्याच्यामागून चर्चच्या दारापर्यंत जात, आणि तो त्यांना भाविक समजे. मरताना त्यानं निराधार म्हाताऱ्यांच्या खोल्यांसाठी पैसा ठेवला. अट एकच, राहणारा त्याच्या रक्ताचा हवा.

हेस्टरचं भाड्याचं घर मालकानं विकलं होतं. महिनाअखेरीस तिला बाहेर पडायचं होतं. आपली वंशावळ खणत खणत ती तीनशे वर्षं मागे, जोसायाच्या घरच्या जोन सारसन नावाच्या मोलकरणीपर्यंत पोचली होती. जोनच्या मुलाच्या बापाची जागा चर्चच्या वहीत कोरी होती. आता उरलं होतं फक्त जोसायाचं मृत्युपत्र.

ग्वेन वाचत होती. आत्मा देवाला. दुकान, कढया आणि साचे मुलाला. बिछाना बायकोला, ती दुसरं लग्न करत नाही तोवर.

"बिछान्यावर पहारा बसवून गेला म्हणायचा," हेस्टर म्हणाली.

थर्ल्बी खाकरले.

"मावशी, जोन सापडली." ग्वेननं ओळीवर बोट ठेवलं. "'माझी मोलकरीण जोन हिच्या पोटातलं मूल माझं आहे, हे मी देवासमोर कबूल करतो.'"

"अभिनंदन, मिस सारसन," थर्ल्बी म्हणाले. "खोली तुमची."

"पुढे आहे अजून. 'ते मूल इथं जन्मलं तर आमच्याच गावाला पोसावं लागेल. म्हणून दिवस भरण्याआधी तिला गाडीत घालून शेजारच्या ऑकली गावच्या हद्दीत उतरवावं. गाडीभाडं माझ्या पैशातून द्यावं. तिला याहून जास्त काही देऊ नये.'" ग्वेननं कागद मावशीकडे वळवला. "आणि लगेच खालच्या ओळीत खोल्या. 'माझ्या रक्ताच्या निराधारांसाठी.'"

तोंडातली पेपरमिंटची गोळी हेस्टरला चरबीसारखी लागली. तिनं ती रुमालात काढली.

"त्या काळी तसंच चालायचं," थर्ल्बी म्हणाले. "ऑकलीवालेही त्यांच्या बायका आमच्याकडे आणून सोडायचे."

"म्हणजे वाटेत एकमेकींना हात करत असतील, बिचाऱ्या."

"मावशी, नको ती खोली. माझ्याकडे चल."

"तुझ्याकडे? तू स्वतः बहिणीच्या सोफ्यावर झोपतेस."

थर्ल्बींनी अर्ज पुढे सरकवला. 'संस्थापकाशी नातं' या रकान्यापाशी हेस्टरचा हात बराच वेळ अडला. मग तिनं लिहिलं, 'वंशज', आणि बोटं स्कर्टला पुसली.

"कोपऱ्यातली खोली देतो तुम्हाला," थर्ल्बी खुशीत म्हणाले. "सगळ्यांत छान. खिडकीसमोरच संस्थापकांचा पुतळा आहे."

"पडदा आहे?"

"आहे की. झिरझिरीत, सुंदर."

"जाड लावून द्या," हेस्टर म्हणाली. "त्याच्यासमोर मी कपडे बदलणार नाही."