म्हशीचा खुंटा

गाडीने वळण घेतलं की डिकीत पाच नारळ गडगडत. सकाळपासून नवऱ्याचे पाच नातेवाईक झाले होते. घरटी एक ओटी, एक कप चहा. शैलजाचा जीव मात्र पन्हाळ्यापलीकडच्या डोंगरात अडकलेला. वीस वर्षं फळ्यावर ज्वालामुखी काढणाऱ्या भूगोलाच्या बाईंना आज पहिल्यांदा लाव्हा थिजून झालेले सहाकोनी दगडी खांब दिसणार होते. आणि सूर्य तर कलला होता.

“आता फक्त आत्या. दारातूनच निघू,” नवरा म्हणाला.

आत्याबाईंनी दारातच हात धरला. “च्या घेतल्याबिगर जायचं न्हाई.”

“पुढच्या खेपेला नक्की!” शैलजा पाया पडून उठली आणि थबकली. अंगणातली म्हैस कमरेएवढ्या काळ्या दगडाला बांधली होती. तिने धावत जाऊन त्याच्या कडा मोजल्या. सहा!

“आत्याबाई, हा कुठला?”

“त्यो? घराच्या आधीपासनं हितंच हाय. परड्यात अजून धा-बारा हैत. धुणं वाळत घालतो त्येंच्यावर.”

मुलं गाडीत बसून ओरडू लागली, “आई, चल! तुझे खांब राहतील!”

शैलजा केव्हाच परड्यात पोहोचली होती. तिथूनच आवाज आला, “आत्याबाई, चहा टाका! आणि सावकाश उकळू द्या!”